उतारावरचा ठेंगणा डेक: सांगाडा चढाकडून ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बागेतल्या उतारावर 3.6 मीटर लांब आणि 3 मीटर रुंद असा लाकडी डेक, म्हणजे फळ्यांचा उघडा ओटा, करायचा आहे, घराला कुठेही न जोडता. 3 मीटरची बाजू उताराच्या दिशेने आहे आणि तेवढ्या अंतरात जमीन 55 सेंमी खाली जाते. चढाकडच्या बाजूला डेक जमिनीपासून 20 सेंमी, म्हणजे एका पायरीएवढाच उंच हवा. साहजिकच उताराकडच्या बाजूला तो 75 सेंमी वर येतो. विचारलंय असं, की चढाकडची कड सरळ जमिनीवर टेकवली आणि दुसऱ्या बाजूला बाजारात मिळणारे तयार काँक्रीटचे ठोकळे ठेवून त्यांवर खांब उभे केले तर चालेल का, आणि जॉइस्ट, म्हणजे फळ्यांना खालून धरणारी आडवी लाकडं, कोणत्या दिशेने टाकायचे.

लाकूड जमिनीवर टेकवू नका. ठोकळे वापरू नका. जॉइस्ट उताराच्या दिशेने टाका आणि त्यांना पेलणाऱ्या तुळया उताराला आडव्या. ही झाली उत्तरं. पण या तिन्हींच्या मागे एकच गोष्ट आहे आणि ती नीट कळली की बाकीचे बरेच निर्णय आपोआप सुटतात. ठेंगण्या डेकची अडचण उताराकडच्या उंच बाजूला नसते, ती चढाकडच्या बुटक्या बाजूला असते. तिथे उंची शिल्लकच नसते, आणि सांगाडा कसा बसवायचा हे तीच बाजू ठरवते. बहुतेक जण उंच बाजूचे खांब किती जाड घ्यायचे या काळजीत असतात आणि चढाकडच्या बाजूला काय, थोडं खणू नि बसवू, म्हणून सोडून देतात. डेक सडतो तो तिथूनच.

आधी उंचीचा हिशेब मांडू. तुमच्याकडे चढाकडे 20 सेंमी आहेत. त्यातून फळीची जाडी साधारण 2.8 सेंमी गेली. 38×140 मिमीचा जॉइस्ट घेतला तर आणखी 14 सेंमी गेले. उरले 3.2 सेंमी. नेहमीच्या पद्धतीने जॉइस्टच्या खाली 184 मिमी उंचीची तुळई द्यायची म्हटलं तर तिची खालची कड जमिनीच्या 15 सेंमी आत जाते. म्हणजे या बाजूला तुळईवर जॉइस्ट ठेवायची रचना बसतच नाही. जॉइस्ट तुळईच्या अंगाला, तिच्याच पातळीत, लोखंडी हँगरने, म्हणजे जॉइस्टचं टोक धरणाऱ्या धातूच्या खोबणीने, टांगावे लागतात. उताराकडच्या बाजूला मात्र भरपूर उंची आहे. तिथे तुळई खाली आणि जॉइस्ट तिच्यावरून पुढे, अशी सोपी आणि जास्त मजबूत रचना करता येते. एकाच डेकमध्ये दोन बाजूंना दोन पद्धती वापरायला काहीच हरकत नाही. माझ्या मते उतारावरच्या ठेंगण्या डेकसाठी हीच सर्वांत समजूतदार रचना आहे.

जॉइस्ट उताराच्या दिशेने टाकायचे तेही याचसाठी. तसे टाकले की दोन्ही तुळया उताराला आडव्या येतात. प्रत्येक तुळईखालची जमीन तिच्या लांबीभर जवळपास सारख्या उंचीवर असते, त्यामुळे एका रांगेतले सगळे खांब एकाच मापाचे. उलटं केलं, म्हणजे तुळया उताराच्या दिशेने सोडल्या, तर प्रत्येक तुळईखाली तीन वेगळ्या उंचीचे खांब येतात आणि चढाकडच्या टोकाला प्रत्येक तुळई जमिनीत घुसते. डेक उताराच्या दिशेने 3 मीटरहून बराच लांब झाला तर मधे तिसरी तुळई लागेल. तरी दिशा हीच ठेवावी.

आता उताराकडची तुळई अगदी कडेला ठेवू नका. कडेपासून 50 सेंमी आत घ्या आणि जॉइस्ट तिच्यावरून तेवढे पुढे झुलते सोडा. याचे फायदे मोजून बघा. तुळई आत सरकली की तिच्याखालची जमीन 9 सेंमीने वर येते. डेकचा पृष्ठभाग तिथे जमिनीपासून 66 सेंमीवर असेल. त्यातून फळी, जॉइस्ट आणि 18.4 सेंमीची तुळई वजा केली की जेमतेम 31 सेंमी उरतात. काँक्रीटचा खुंट जमिनीवर 12 सेंमी काढला तर खांब उरतो 19 सेंमीचा. एवढा बुटका खांब डुलायला जागाच नाही. शिवाय जॉइस्टचा दोन आधारांमधला गाळा 3 मीटरऐवजी 2.5 मीटर झाला.

हा गाळा महत्त्वाचा आहे. 38×140 मिमीचा जॉइस्ट 40 सेंमी अंतराने टाकला, तर लाकडाच्या जातीनुसार साधारण 2.4 ते 2.7 मीटरपर्यंत चालतो. 2.5 मीटर म्हणजे आपण काठावर आहोत. म्हणून जॉइस्टमधलं अंतर 30 सेंमी ठेवा. लाकूड थोडं जास्त लागेल, पण पायाखाली डेक दबल्यासारखा वाटणार नाही, आणि उद्या लाकडी फळ्यांऐवजी कंपोझिट (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या) फळ्या घालाव्याशा वाटल्या तरी खालचा सांगाडा तसाच उपयोगी पडेल. त्या फळ्यांपैकी बऱ्याच 30 ते 40 सेंमीपेक्षा जास्त अंतर सहन करत नाहीत. 184 मिमीचे जॉइस्ट घेऊन अंतर वाढवण्याचा मोह होईल, पण चढाकडे तुमच्याकडे तेवढी उंची नाही, हे विसरू नका. झुलत्या भागाची मर्यादा मागच्या गाळ्याच्या एक चतुर्थांश. 2.5 मीटरचा चौथा भाग 62 सेंमी, आपण 50 घेतोय, म्हणजे बसलं.

झुलतं टोक सोडलं की भाराची वाटणी बदलते, हे मात्र लक्षात घ्यावं लागतं. डेकसाठी साधारणपणे दर चौरस मीटरला 245 किलो भार धरतात: माणसं, सामान आणि डेकचं स्वतःचं वजन मिळून. तुमच्या 10.8 चौरस मीटरला तो होतो सुमारे 2,650 किलो. उताराकडची तुळई आत सरकवल्यामुळे तिच्यावर यातला 60 टक्के येतो, म्हणजे जवळजवळ 1,600 किलो. उरलेला चढाकडच्या तुळईवर. प्रत्येक तुळईखाली तीन आधार द्या: मधे एक, आणि दोन टोकांपासून 30-30 सेंमी आत एकेक. म्हणजे आधारांमधलं अंतर दीड-दीड मीटर. उताराकडच्या मधल्या खांबावर 650 ते 750 किलो येतील. साधारण बऱ्या मातीची ताकद चौरस मीटरला 7,300 किलो धरली तर या खांबाच्या पायाला 32 सेंमी बाजूचा चौरस लागतो. मी 40 सेंमी घेईन आणि सहाही खड्डे त्याच मापाचे करीन, कारण टोकाचे खड्डे लहान करून वाचणारं काँक्रीट पाटीभर असतं आणि डोक्याला ताप मात्र होतो. मातीच भुसभुशीत, भरावाची किंवा पाण्याने फुगणारी चिकण असेल तर हे आकडे लागू नाहीत. तिथे मातीची पारख करणाऱ्याला आधी बोलवा.

तयार ठोकळ्यांबद्दल. सपाट, टणक जमिनीवर गुडघाभर उंचीच्या डेकला ते चालून जातात. उतारावर त्यांची अडचण अशी, की ठोकळा मातीच्या वरच्या थरावर बसतो आणि उतारावरचा हा थर स्थिर नसतो. पावसात तो भिजतो, फुगतो, आणि दर वर्षी थोडा थोडा खाली सरकतो. चढाकडून आलेलं पाणी ठोकळ्याला अडून दोन्ही बाजूंनी वळतं आणि त्याच्या खालच्या अंगाची माती धुऊन नेतं. ठोकळा पुढे कलतो. त्याच्या खाचेत नुसता बसवलेला खांब त्याच्याबरोबर कलतो. घराला टेकलेला डेक निदान भिंतीच्या आधाराने उभा राहतो. तुमच्या डेकला धरणारं दुसरं कोणी नाही.

म्हणून खड्डे खणा, आणि ते कसे खणायचे तेही सांगतो, कारण उतारावर इथेच गफलत होते. खड्ड्याचा तळ पाणसळीने बघून सपाट करायचा, उताराला समांतर नाही. तिरक्या तळावर ओतलेला पाया भार आला की घसरायला बघतो. खोली मोजायची ती खड्ड्याच्या उताराकडच्या काठावरून, चढाकडच्या नाही. 40 सेंमी रुंद खड्ड्यात या दोन काठांच्या उंचीत 7 सेंमीचा फरक आहे, आणि पायाला धरून ठेवणारी माती उताराकडच्या अंगालाच कमी असते. वरची काळी, मुळांची माती पूर्ण काढून न हललेल्या जमिनीत निदान 30 सेंमी जा. जिथे जमीन गोठते तिथे गोठण्याच्या खोलीच्या खाली जावंच लागतं, मग ते 30 असो की 120. खणलेली माती उताराकडे पसरून जागा सपाट केल्यासारखं करू नका. तो सैल भराव असतो. त्यावर पुढे कधीतरी पायरी किंवा कुंड्या येतात, त्या खचतात, आणि भराव खांबाला ढकलत राहतो. माती चढाकडे न्या किंवा बागेत दुसरीकडे टाका. घराच्या भिंतीलगत खांब येत असेल तर तिथली जमीनही बांधकामाच्या वेळचा भरावच असते. तो पाया भरावाच्या खालपर्यंत न्यावा लागेल.

आखणी करताना टेप जमिनीवर टाकून मापं घेऊ नका. 3 मीटरला 55 सेंमी उतार असताना जमिनीवरून मोजलेलं अंतर 3.05 मीटर भरतं. पाच सेंमीची चूक सांगाडा काटकोनात बसू देणार नाही. टेप आडवा धरा, त्याचं टोक जिथे हवेत राहील तिथून ओळंबा सोडा आणि ओळंब्याच्या टोकाखाली खुंटी ठोका. उतार जास्त असेल तर एका दमात 3 मीटर ताणण्यापेक्षा मीटर-मीटरचे टप्पे घ्या. खुंट्या आणि आडव्या पट्ट्यांवर सुतळ्या ताणून घेतल्या की कर्ण तपासा. सहा आधारांच्या मध्यबिंदूंचा आयत 3 मीटर बाय 2.5 मीटर आहे. त्याचे दोन्ही कर्ण 3.905 मीटर यायला हवेत. डेकच्या बाहेरच्या कडांचा आयत 3.6 बाय 3, त्याचा कर्ण 4.686. दोन्ही आयतांचे कर्ण जुळले की गुण्या हातात घ्यायचीही गरज नाही.

पातळीसाठी मला अजूनही पारदर्शक नळीतलं पाणीच आवडतं. लेझर असेल तर वापरा, पण नळी कोपऱ्यामागे, झुडपामागे कुठेही जाते. नळीत हवेचा बुडबुडा राहिला नाही ना ते बघा आणि नळीचा अर्धा भाग उन्हात, अर्धा सावलीत पडू देऊ नका. गरम पाणी हलकं होतं नि दोन टोकांत फरक दाखवतं. सगळ्या पातळ्या एकाच ठिकाणाहून मोजा: डेकचा वरचा पृष्ठभाग. तिथून खाली वजाबाकी करत या. जॉइस्टची उंची कागदावर 140 असली तरी हातात आलेल्या लाकडात 137 ते 142 काहीही असू शकतं, म्हणून वजाबाकी करताना आणलेलं लाकूड मोजून घ्या.

आधार दोन प्रकारचे करा. चढाकडच्या रांगेत लाकडी खांब नकोच. तिथे जागा 3 सेंमीची आहे. सळई घातलेला काँक्रीटचा खुंट थेट तुळईच्या तळापर्यंत आणा आणि ओलं असतानाच त्यात अँकर बोल्ट किंवा तुळई धरणारा धातूचा कंस बसवा. काँक्रीट नंतर तासता येत नाही, म्हणून साच्याचा वरचा काठ सुतळीच्या पातळीला बसला की मगच ओता. शंका असेल तर 5 मिमी कमी ठेवा आणि नंतर धातूची पट्टी घालून पातळी साधा. लाकडाची चीप घालू नका, ती दबते. उताराकडच्या रांगेत मात्र 140×140 मिमीचे बुटके खांब घ्या, कारण खांब कापून पातळी तंतोतंत साधता येते. खांब हिशेबाने आधीच कापून आणायचे नाहीत. थोडे लांब ठेवून खुंटावरच्या धातूच्या बैठकीत उभे करायचे, ओळंब्यात धरायचे, तुळईच्या तळाची रेघ मारायची आणि मग करवत चालवायची. कापलेल्या तोंडाला लाकूड टिकवणारं औषध लावा. प्रक्रिया केलेल्या लाकडातही औषध आतपर्यंत पोचलेलं असतंच असं नाही. एवढ्या बुटक्या खांबात स्क्रू टोकाजवळ गेला की तडा जातो, त्यामुळे आधी भोक पाडून घ्या. धातूची बैठक खांबाला काँक्रीटपासून वर उचलते, तेवढी फट राहिली पाहिजे. आणि खुंटाची जमिनीवरची 12 सेंमी उंची मोजताना चढाकडच्या अंगाने मोजा, कारण गाळ साचतो तो त्याच अंगाला.

तुळया दोन-दोन लाकडं जोडून करा. उताराकडे 38×184 ची जोडी, चढाकडे 38×140 ची. दीड मीटरच्या गाळ्याला दोन्ही पुरेशा आहेत. तुळई खांबाच्या डोक्यावर बसली पाहिजे. खांबाच्या अंगाला बोल्टने लटकवलेली तुळई दिसायला ठीक दिसते, पण मग सगळा भार दोन बोल्टांच्या भोकांवर येतो. 140 मिमीच्या खांबाला खाच पाडून त्यात जोडतुळई बसवता येते, किंवा धातूची टोपी वापरा. 90 मिमीच्या खांबाला खाच पाडू नका, मागे काही उरत नाही.

चढाकडे तुळईच्या तळाखाली मूळ जमीन फक्त 3 सेंमीवर आहे. एवढ्या फटीत हवा खेळत नाही, पालापाचोळा अडकतो, आणि ओलावा लाकडाला चिकटून राहतो. डेक वर उचलावा हा सरळ विचार मनात येईल, पण उताराकडची उंचीही तेवढीच वाढते. त्यापेक्षा चढाकडची जमीन खाली न्या. तुळईखाली आणि तिच्या पुढे चढाकडे 30-40 सेंमीपर्यंत 12 सेंमी माती काढा, म्हणजे लाकूड आणि माती यांच्यात 15 सेंमी मिळतात. हा खणलेला पट्टा म्हणजेच तुमचा पाण्याचा चर. त्याला मधून दोन्ही टोकांकडे हलका ढाळ द्या, म्हणजे चढावरून येणारं पाणी डेकखाली न शिरता दोन्ही बाजूंनी निघून जाईल. चढाकडचा काठ उभा न ठेवता तिरका करा किंवा दगड लावा, नाहीतर पहिल्या पावसात तो चरात ढासळेल.

यातून एक नवी भानगड उभी राहते. तुम्हाला 20 सेंमीची पायरी हवी होती; चर खणल्यावर डेकच्या कडेशी ती 32 सेंमी होते. चढायच्या जागी चरावर एक दगडी लादी पुलासारखी टाका, मूळ जमिनीच्या पातळीला. पाणी खालून जातं आणि पायरी पुन्हा 20 ची होते. 18-19 केली तर पायाला आणखी बरी. त्यासाठी लादी सेंमी-दोन सेंमी वर बसवली की झालं.

जॉइस्ट टांगताना एवढं करा. प्रत्येक लाकूड डोळ्यासमोर धरून त्याचा बाक बघा आणि फुगीर कड वर ठेवा. चढाकडचं टोक काटकोनात कापून तुळईला भिडवा. तुळई आणि जॉइस्टच्या टोकात 3 मिमीपेक्षा जास्त फट असली तर हँगरचे खिळे वाकतात. हँगर आधी ठोकून मग त्यात जॉइस्ट घुसवू नका. वितभर जॉइस्टचा तुकडा तुळईच्या वरच्या कडेशी धरा, हँगर त्याच्या तळाला लावा, एका बाजूचे खिळे मारा, तुकडा काढा. असं केलं की सगळे जॉइस्ट वरून एका पातळीत येतात. हँगरच्या प्रत्येक भोकात त्याच्यासाठीचाच खिळा किंवा स्क्रू मारायचा. जिप्सम बोर्डचे काळे स्क्रू इथे अजिबात चालत नाहीत. ते ठिसूळ असतात आणि आडवा जोर आला की तुटतात. प्रक्रिया केलेल्या लाकडात तांब्याची रसायनं असतात, ती साध्या लोखंडाला आणि पातळ मुलाम्याला खातात. म्हणून हँगर, खिळे, बोल्ट सगळं गरम जस्तात बुडवलेलं किंवा स्टेनलेसचं घ्या, आणि एकाच जोडात दोन्ही मिसळू नका.

उताराकडे जॉइस्ट तुळईवर बसतात. प्रत्येकाला धातूची छोटी पकड लावा आणि तुळईच्या बरोबर वर, जॉइस्टच्या मधे, पूर्ण उंचीचे लाकडी ठोकळे ठोका. ते नसले तर जॉइस्ट कलंडू शकतात. पुढच्या टोकांना जोडणारी पट्टी सगळ्यात शेवटी, टोकं सुतळीने एका रेषेत कापल्यावर.

घराचा आधार नसलेला डेक हलतो का, ही शंका योग्य आहे. धातूच्या बैठकीत उभा केलेला खांब खालून पक्का नसतो. तो बिजागरीसारखा वागतो. खांब 60 सेंमीच्या पुढे गेले तर दोन्ही दिशांना तिरके टेकू द्यावे लागतात, खांबापासून तुळईपर्यंत 45 अंशांत. तुमचे खांब 19 सेंमीचे आहेत आणि चढाकडची तुळई काँक्रीटला बोल्टने घट्ट आहे, त्यामुळे टेकूंची गरज पडणार नाही. मी फक्त जॉइस्टच्या खालून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरकी पट्टी मारतो. चढाकडची बाजू ताठ आणि उताराकडची तुलनेने सैल असली की डेकला आडवं पिळवटायला वाव मिळतो. ही पट्टी तो घालवते. तुम्ही तुळई आत न घेता कडेला ठेवली आणि खुंट कमी काढला, तर खांब वाढतील आणि हा सगळा हिशेब बदलेल.

आता कठड्याचं. 75 सेंमी उंची आहे म्हणजे कठडा टळला असं कदाचित तुम्ही धरून चालला असाल. नियम जागोजागी वेगळे आहेत: कॅनडात साधारण 60 सेंमीच्या पुढे कठडा लागतो, ऑस्ट्रेलियात 1 मीटरच्या पुढे, अमेरिकेच्या निवासी संहितेत 30 इंच म्हणजे 76 सेंमीच्या पुढे. पण या शेवटच्या नियमात उंची कडेच्या बरोबर खाली मोजत नाहीत. कडेपासून 36 इंच, म्हणजे 91 सेंमी पुढपर्यंतची सर्वांत खोल जमीन धरतात. उतारावर हे 91 सेंमी महागात पडतात. तुमच्या उताराने तिथे जमीन आणखी 17 सेंमी खाली गेलेली असेल. म्हणजे उंची 92. आपल्याकडचा नियम काय म्हणतो ते आधी बघा. पण नियम काहीही असो, खुर्ची मागे सरकवणारा माणूस उताराकडे पडला तर तो 75 सेंमीवर थांबत नाही, पुढे घरंगळतो. मी उताराकडे कठडा करीनच आणि दोन्ही बाजूंना तो थोडा वळवीन.

आणि कठडा करायचा तर तो सांगाड्याच्या वेळीच ठरवावा लागतो. कठड्याच्या वरच्या दांडीला 90 किलोचा धक्का बसला, तर एक मीटर लांबीची तरफ होते आणि खाली 14 सेंमीच्या जॉइस्टवर जेमतेम 10 सेंमी अंतरावरचे दोन बोल्ट तो धक्का पेलतात. वरच्या बोल्टवर दहापट, म्हणजे 900 किलोच्या घरात ओढ येते. कडेची पट्टी जॉइस्टच्या टोकांना नुसत्या खिळ्यांनी मारलेली असेल तर ती उपटून निघेल, कारण टोकाच्या रेषांत खिळा धरत नाही. म्हणून कठड्याचे खांब पट्टीच्या आतल्या अंगाला, जॉइस्टला लागून घ्या, दोन्ही बाजूंना ठोकळे द्या, 12 मिमीचे आरपार बोल्ट घाला आणि वरचा बोल्ट धातूच्या ताणपट्टीने जॉइस्टला बांधा. हे सगळं फळ्या ठोकायच्या आधी.

फळ्या उताराला आडव्या येतील, मधे 5 मिमी फट ठेवून. ओल्या लाकडाच्या फळ्या मात्र भिडवून ठोका, वाळल्या की फट आपोआप पडते. फटी आहेत म्हणून पृष्ठभागाला ढाळ द्यायची गरज नाही. खाली प्लास्टिक अंथरू नका, पाणी साचतं. पाणी झिरपू देणारं कापड आणि त्यावर खडी चालेल, फक्त उताराकडे खडी अडवायला एक फळी लावा. उताराकडची बाजू जाळीने झाकायची असेल तर हवा जाईल अशी झाका आणि एक तुकडा काढता येईल असा ठेवा.

काँक्रीट ओतल्यावर आठवडाभर भार देऊ नका. सांगाडा झाला की फळ्या ठोकायची घाई न करता चढावर नळी लावून अर्धा तास पाणी सोडा आणि डेकखाली वाकून बघा. पाणी चरातून दोन्ही बाजूंना गेलं तर पुढचं काम करा. मधल्या खुंटाकडे ओघळ येताना दिसला तर चराचा ढाळ तिथे कमी पडलाय. तो आत्ता फावड्याने दहा मिनिटांत खोल होतो, फळ्या बसल्यावर झोपून खणावा लागतो.